आडवा तक्ता आणि उभे पान: एका जुन्या गुंत्याची पार्श्वभूमी

अहवाल उभ्या पानांवर सुरळीत चाललेला असतो आणि मध्येच बारा-चौदा रकान्यांचा तक्ता येतो. तेवढाच तक्ता आडवा करावा म्हटले तर वर्डमध्ये तशी थेट आज्ञा सापडत नाही. पान आडवे करता येते, सेलमधली अक्षरे उभी फिरवता येतात, पण अख्खा तक्ता निवडून फिरवता येत नाही. पान फिरवणे आणि पानावरचा मजकूर फिरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. वर्ड प्रोसेसरकडे वारशाने आले ते पहिले.

दुसरे काम खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईतले. रुंद तक्ता आला की कंपोझिटर (खिळे जुळवणारा कारागीर) त्याचे खिळे आणि रेघा जुळवून, दोऱ्याने बांधून, तो गठ्ठा चौकटीत काटकोनात वळवून ठेवी. पान उभेच राही. यातून एक शिस्त पक्की झाली: पान डावे असो वा उजवे, तक्त्याचा माथा पानाच्या डाव्या कडेला. त्यामुळे वाचक पुस्तक नेहमी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यासारखे, वळवतो. वाचकाच्या हातांचा इतका विचार करणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो आणि आजही तो पाळायला हवा.

टाइपरायटरला मात्र ही मुभा नव्हती. ओळ रुळाच्या समांतरच उमटणार, म्हणून रुंद मजकुरासाठी कागदच आडवा घालावा लागे. हिशेबाच्या कामाला त्यासाठी लांब कॅरेजची (कागद धरून सरकणाऱ्या भागाची) यंत्रे होती. संगणकांचे लाइन प्रिंटर त्याच वाटेने गेले: १४ ७/८ इंच रुंद सलग कागद आणि एका ओळीत १३२ अक्षरे. १९८०च्या दशकात स्प्रेडशीट घरोघरीच्या ८० अक्षरी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर आली, तेव्हा रकाने कागदाबाहेर जाऊ लागले. ते आडवे छापून देण्यासाठी फंक सॉफ्टवेअरचा 'साइडवेज' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम विकला जाई. केवळ मजकूर वळवण्यासाठी लोक वेगळे पैसे मोजत होते!

लेसर प्रिंटरने घोळ वाढवला. एचपीचा पहिला लेसरजेट १९८४चा. त्यात कागद एकाच दिशेने सरके आणि अक्षरे ठिपक्यांच्या तयार आकृत्या म्हणून साठवलेली असत. त्यामुळे आडव्या पानासाठी वेगळे, आधीच वळवलेले फाँट लागत. उभ्या पानावर चालणारा फाँट आडव्यावर मिळेलच असे नसे. १९९०च्या लेसरजेट ३ मध्ये लहानमोठे करता येणारे फाँट आले आणि ही अडचण मागे पडली. अडोबीच्या पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रिंटरला पानाचे वर्णन सांगणाऱ्या भाषेत, तर १९८४पासूनच कोणताही मजकूर हव्या त्या कोनात फिरवण्याची आज्ञा होती. म्हणजे कंपोझिटरचे कौशल्य यंत्राला तेव्हाच अवगत झाले होते. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीने ते उचलले: त्यातल्या 'रोटेटिंग' पॅकेजने तक्ता वळतो, पण पृष्ठक्रमांक जागचा हलत नाही.

वर्डने मात्र दिशा हा कागदाचा गुण मानला आणि तो सेक्शनला, म्हणजे दस्तऐवजाच्या स्वतंत्र पानरचनेच्या भागाला, जोडला. वर्डची डॉक्स (.docx) फाइल आतून उघडून पाहिली तर आडवे ए-४ पान म्हणजे रुंदी १६८३८, उंची ११९०६ (एकक पॉइंटचा विसावा भाग) आणि सोबत दिशेची नोंद. ही माहिती सेक्शनच्या शेवटी साठवलेली असते, सुरुवातीला नव्हे. सेक्शन ब्रेक पुसला की वरची पाने खालच्या सेक्शनचे रूप घेतात आणि अचानक अर्धा अहवाल आडवा होतो, तो यामुळेच. लिबरऑफिसने वेगळा मार्ग धरला. तिथे दिशा पेज स्टाइलमध्ये, म्हणजे पानरचनेच्या साच्यात, असते आणि पान बदलताना कोणती स्टाइल लावायची ते सांगावे लागते. मला ही रचना अधिक स्पष्ट वाटते, कारण स्टाइलला नाव असते आणि ती पुन्हा वापरता येते. गूगल डॉक्समध्ये एकाच दस्तऐवजात दोन्ही दिशा २०२०मध्ये आल्या.

कागद वळला की हेडर-फूटरही वळतात. प्रबंध बांधला की पृष्ठक्रमांक इतर पानांवर खाली दिसतो आणि या एका पानावर बाजूला जातो. वर्डमध्ये यावर उपाय आहे. आधी आडव्या सेक्शनच्या आणि त्यानंतरच्या सेक्शनच्याही हेडर-फूटरचा मागच्याशी असलेला दुवा तोडायचा. मग आडव्या सेक्शनमधला नेहमीचा क्रमांक काढून, हेडरमध्ये टेक्स्ट बॉक्स घालून तो पानाच्या डाव्या कडेला न्यायचा आणि त्यातला क्रमांक घड्याळाच्या दिशेने ९० अंश वळवायचा. पान माथा डावीकडे ठेवून बांधले की तीच कड खाली येते आणि क्रमांक बाकीच्यांच्या रांगेत बसतो.

पडद्यावर गणित उलटते. पुस्तक वळवता येते, संगणकाचा पडदा सहसा नाही, म्हणून तिथे वळवलेल्या तक्त्यापेक्षा आडवे पानच सोयीचे. पीडीएफमध्ये प्रत्येक पानाला ९०च्या पटीत फिरवण्याची नोंद ठेवता येते. लाटेकचे 'पीडीएफएलस्केप' पॅकेज तिचाच उपयोग करते: छापील पानावर क्रमांक जागेवर राहतो आणि पडद्यावर तेच पान वाचता येईल असे सरळ उघडते. वर्डमध्ये हे दोन्ही एकत्र साधायचे तर वरचा टेक्स्ट बॉक्सचा खटाटोप अजूनही हातानेच करावा लागतो.