सर्कशीतील कलावंत : चित्रकला व छायाचित्रणातील विषय

कसरतपटू, चेंडू झेलणारे, तारेवर चालणारे, झुल्यावरचे खेळाडू, विदूषक आणि त्यांचे तंबूमागचे जग हा दृश्यकलेतला फार जुना विषय आहे. इजिप्तमधील बेनी हसन येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्याच्या भिंतीवर चेंडू उडवून झेलणाऱ्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. क्रीट बेटावरच्या नोसोसच्या भित्तिचित्रात धावत्या बैलाच्या पाठीवरून एक जण कोलांटी घेतो. या दोन्ही ठिकाणी खेळ अगदी स्पष्ट दिसतो, पण खेळणारा कोण ते कळत नाही. पुढे हजारो वर्षे या विषयात असेच चालत आले.

गोल रिंगणातली आधुनिक सर्कस लंडनमध्ये फिलिप ॲस्ली या माजी घोडदळ सैनिकाने १७६८ मध्ये सुरू केली असे मानतात. गोलात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभे राहून तोल सांभाळणे सोपे जाते, म्हणून हे रिंगण. चित्रकारांना मात्र त्याचा वेगळाच फायदा झाला : चारही बाजूंनी प्रेक्षक, मध्ये उजेड आणि त्यात एकटा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर फ्रान्समध्ये ओनोरे दोमिये याने जत्रेतल्या फिरत्या कसरतवाल्यांची चित्रे काढली. त्याच्या चित्रांत ढोल वाजतो आहे, पण गर्दी जमत नाही.

या विषयाचे खरे माहेरघर म्हणजे पॅरिसच्या माँमार्त्र भागातली ‘सर्क फेर्नांदो’ ही सर्कस. ती चित्रकारांच्या कार्यशाळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि हे कारण इतर सगळ्या सौंदर्यशास्त्रीय कारणांइतकेच महत्त्वाचे असावे. १८७९ मध्ये दोन चित्रकारांनी तिथली दोन अगदी वेगळी चित्रे रंगवली. एदगार दगाने जानेवारीत तिथे जाऊन मिस ला ला या कसरतपटू स्त्रीची रेखाटने केली आणि त्यांवरून तैलचित्र सिद्ध केले. ते आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोरीच्या टोकाचा तुकडा दातांत धरून ती छताकडे ओढली जात आहे. चित्रात प्रेक्षक नाहीत, रिंगण नाही, जाळीही नाही. नारिंगी भिंती, हिरवट लोखंडी कमानी आणि वरच्या डाव्या बाजूला लोंबकळणारे, गुडघ्यात दुमडलेले शरीर एवढेच दिसते. पाहणाऱ्यालाही मान वर करावी लागेल अशा कोनातून सगळे रंगवले आहे. मिस ला लाचा सर्वांत गाजलेला खेळ तोफेचा होता : झुल्यावरून उलटे लटकून ती साखळीने बांधलेली तोफ दातांत धरायची आणि तोफ डागली जायची. दगाने तो टाळला. तोफ रंगवली असती तर चित्र न राहता ती जाहिरात झाली असती.

त्याच वर्षी ओग्यूस्त रन्वारने वार्टेनबर्ग आडनावाच्या दोन कोवळ्या बहिणींचे चित्र केले. ते आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. खेळ संपला आहे आणि प्रेक्षकांनी बक्षीस म्हणून टाकलेली संत्री एकीने दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली आहेत. गॅसच्या दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात त्वचेचा रंग बिघडतो, म्हणून मुलींना त्याने आपल्या कार्यशाळेत दिवसाउजेडी उभे केले आणि रिंगण नंतर मागे रंगवून घातले. त्यामुळे चित्र गोड झाले आहे, जरा जास्तच गोड. दगाच्या चित्रातला जीव टांगणीला लागल्याचा भाव इथे शोधूनही सापडत नाही.

याच सर्कशीत पुढे आंरी द तूलूझ-लोत्रेकने घोड्यावरच्या बाईला आणि चाबूक घेतलेल्या रिंगमास्टरला पकडले. १८९९ मध्ये उपचारगृहात ठेवलेले असताना त्याने सर्कशीची रेखाटनांची एक मालिका निव्वळ स्मरणातून काढली. आपले डोके ठिकाणावर आहे हे डॉक्टरांना पटवण्याचा तो त्याचा मार्ग होता. झॉर्झ सराचे ‘सर्कस’ हे चित्र मार्च १८९१ मध्ये त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. ठिपक्यांच्या तंत्रामुळे धावता घोडाही त्यात गोठल्यासारखा वाटतो.

पाब्लो पिकासोने १९०५ च्या सुमारास हा विषय रिंगणाबाहेर काढला. ‘सालतँबांकांचे (फिरत्या कसरतवाल्यांचे) कुटुंब’ हे सुमारे सव्वादोन मीटर रुंद चित्र सध्या वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्यात खेळाचे कपडे घातलेली सहा माणसे उजाड माळावर उभी किंवा बसलेली आहेत. खेळ मात्र चालू नाही आणि कुणी कुणाकडे पाहतही नाही. कलाकाराने स्वतःच्या भटक्या, पैशाविना चाललेल्या जिण्याचे रूप कसरतवाल्यात पाहायची प्रथा या चित्राने पक्की केली. ती काव्यमय आहे खरी, पण थोडी सोयीचीही आहे, कारण या माणसांच्या स्वतःच्या गोष्टीला तिथे जागा उरत नाही. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरने वेगळी वाट धरली. १९२६ ते १९३१ या काळात तार, बूच आणि कापडाच्या तुकड्यांची छोटी सर्कस बनवून तो ती मित्रमंडळींसमोर स्वतः हाताने चालवीत असे. ती आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे.

छायाचित्रणाची सुरुवातीची अडचण तांत्रिक होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात छायाचित्र काचेच्या पट्टीवर उमटेपर्यंत काही सेकंद हालचाल थांबवावी लागे, त्यामुळे उडणारा चेंडू किंवा उडी टिपणे जवळजवळ अशक्यच. कसरतपटू स्टुडिओत पोशाख घालून स्तब्ध उभे राहत आणि त्या छायाचित्रांची कार्डे विकली जात. वेगवान फिल्म आणि फ्लॅश आल्यावर उडी टिपता येऊ लागली. पण तोवर चांगल्या छायाचित्रकारांचे लक्ष तंबूमागे वळले होते. जर्मनीत आउगुस्ट झांडरने १९२६ ते १९३२ च्या दरम्यान सर्कशीतल्या माणसांना समाजातल्या इतर व्यवसायांच्या रांगेत आणून बसवले. अमेरिकेत ब्रूस डेव्हिडसनने १९५८ मध्ये क्लाइड बीटी सर्कशीतल्या जिमी आर्मस्ट्राँग या बुटक्या विदूषकाचे छायाचित्र घेतले : तंबूबाहेर उभा, हातात फुलांचा छोटा गुच्छ. डेव्हिडसनची त्याच्याशी मैत्री होती. तरी छायाचित्र वर्षानुवर्षे ‘बुटका’ याच शीर्षकाने ओळखले गेले.

भारतात या विषयाची सुरुवात सर्कशीच्या आधीची आहे. नट, डोंबारी, कोल्हाटी यांचे खेळ रस्त्यावरचे : दोन्ही टोकांना बांबूंची कैची, मध्ये ताणलेला दोर, वर काठी घेतलेली मुलगी, खाली ढोल. कंपनी शैलीच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजांच्या आवडीनुसार काम करणाऱ्या, भारतीय चित्रकारांनी इंग्रज अधिकाऱ्यांसाठी जे जाती-व्यवसायांचे संच रंगवले, त्यांत असे खेळ करणारे वारंवार भेटतात. चित्राखाली जात किंवा धंदा लिहिलेला असे, माणसाचे नाव नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे काही प्रांतांत नटांचीही नोंद झाली, म्हणजे एकीकडे चित्रात हौसेचा विषय आणि दुसरीकडे पोलिसांच्या वहीत नाव. उलट उदाहरण लंडनमध्ये नाव कमावलेल्या रामो सामी या तलवार गिळणाऱ्या खेळाडूचे. त्याची छापील चित्रे नावानिशी निघाली.

भारतीय सर्कस १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी उभी केली. कियारिनीची इटालियन सर्कस मुंबईत पाहून त्यांनी ईर्ष्येने हा उद्योग केला, ही गोष्ट मराठी वाचकाला परिचित आहे. पुढे देवल, कार्लेकर अशा सांगली परिसरातल्या नावांनी तो वाढवला. केरळात तलश्शेरीला कसरतीचे शिक्षण देणारी परंपरा कीलेरी कुन्हिकण्णन यांनी घडवली.

या जगाची सर्वांत गाजलेली छायाचित्रे अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९८९-९० मध्ये काढली. अहमदाबादला काढलेल्या एका छायाचित्रात राम प्रकाश सिंग यांच्या गळ्याभोवती त्यांच्या श्यामा हत्तिणीने सोंड वेढली आहे. मार्क यांच्या छायाचित्रांखाली माणसाचे, प्राण्याचे, सर्कशीचे आणि गावाचे नाव असते. पण त्यांतली अनेक छायाचित्रे शरीर दुमडणाऱ्या लहान मुलींची आहेत, आणि आज ती निव्वळ कौतुकाने पाहता येत नाहीत. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांच्या खेळांवर बंदी आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली.

दगाच्या चित्रातल्या मिस ला लाचे खरे नाव ॲना अल्बर्टिन ओल्गा ब्राउन. जन्म १८५८, श्टेटिन (आता पोलंडमधील श्चेचिन), वडील कृष्णवर्णीय. हे तपशील दीर्घकाळ चित्राच्या चर्चेत दुय्यम राहिले. २०२४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने या एका चित्राभोवती प्रदर्शन भरवले तेव्हा दगाच्या रेखाटनांसोबत तिच्या चरित्रालाही जागा दिली.