‘वॉल काढून टाका’: इंजिनाच्या पाण्यात हवा कुठून आली? (पार्श्वभूमी)

गाडी तापली की गॅरेजमध्ये आजही सल्ला मिळतो, ‘वॉल काढून टाका’. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनाचं तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. हा सल्ला आला कुठून आणि पाण्यातल्या हवेशी त्याचा संबंध काय, ते पाहायला जरा मागे जावं लागतं. कृष्णाकाठच्या मळ्यांतल्या जुन्या डिझेल इंजिनांना बहुधा पाणी गार करणारा रेडिएटर नसायचाच. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी इंजिनाला दिलेली असे. ते पाणी जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, फिरून वर येई आणि सरळ पाटात पडे. धारेखाली बोट धरलं की इंजिन किती तापलंय ते कळे. वरचं तोंड उघडं असल्यामुळे हवा अडकायला जागाच नव्हती.

जुन्या ट्रकांतही रेडिएटर इंजिनाच्या पुढ्यात उभा आणि त्याचं तोंड सगळ्यात उंच. पाणी तिथूनच भरायचं, हवा तिथूनच निघायची. म्हणून त्या काळच्या मिस्त्रीच्या तोंडी ‘एअर काढणे’ म्हणजे डिझेलच्या लाइनीतली किंवा ब्रेकमधली. पाण्यातली हवा हा त्याचा विषयच नव्हता.

त्याचा विषय होता घाट. खंबाटकीत गाडी उकळली की चाकामागे दगड लागे, क्लीनर ओलं पोतं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवी आणि वाफेचा लोट उठे. तापल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, गार पाणी ओतून हेड चिरल्याचीही उदाहरणं आहेत. त्यात मिरज-वाळव्याकडच्या खाऱ्या विहिरींचं पाणी भरलेलं, म्हणजे जॅकेटमध्ये क्षारांचा थर ठरलेला.

या घाटातूनच आजही वाद पेटवणारा सल्ला निघाला: वॉल काढून टाका. त्यातलं मेण साधारण 82 अंशांना वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. क्षारांनी तो बंद स्थितीत अडकला की गाडी हमखास उकळायची. मोसमात ऊस घेऊन निघालेल्या माणसाला नवा वॉल कुठून मिळणार? तो काढून फेकणं हा तेव्हाचा शहाणपणाच होता, आणि अनेक जुन्या इंजिनांत तो चालूनही गेला. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतोय’ हा युक्तिवाद तेव्हापासूनचा.

पण अडचण थंडीची नाहीच. वॉलशिवाय इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडरच्या आतले लायनर लवकर झिजतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की, बऱ्याच इंजिनांत वॉल उघडताना त्याची खालची तबकडी बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, भोक बंद करते. वॉल काढला की ते भोक कायमचं उघडं राहतं. निम्मंशिम्मं पाणी रेडिएटरला न शिवताच इंजिनात गोल फिरतं आणि गाडी नेमकी चढालाच तापते. उकळू नये म्हणून केलेला उपाय उकळायला कारण होतो, आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरवर जातो.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. त्यानंतर बॉनेट उतरती होत गेली, रेडिएटर बुटका झाला. कित्येक गाड्यांत हेड किंवा हीटरची नळी त्याच्या तोंडापेक्षा वर गेली आणि हवा तिथे दबा धरून बसू लागली. प्रेशरचं झाकणही महत्त्वाचं झालं. महाबळेश्वरच्या सुमारे 1,350 मीटर उंचीवर उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. 0.9 बारचा दाब धरणारं झाकण नीट बसलं की तेच पाणी न उकळता 110 अंश सहज ओलांडतं. आता ‘एअर काढणे’ म्हणजे गाडीचं नाक चढाला, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन आयडलिंगला आणि हवा सोडायच्या ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत धीर धरणं. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, तर हवा अजून आत आहे.

वॉलच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात हलणारी टिकली. भरताना हवा तिथून निसटते, म्हणून आडव्या बसणाऱ्या वॉलची टिकली वरच्या बाजूला लागते. आमच्या गाडीत ती खाली बसवली गेली होती. वॉलपाशी हवा साठली, गरम पाणी मेणापर्यंत वेळेवर पोचेना आणि पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर काटा लालमध्ये गेला. गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळाला, ‘वॉल काढून टाकू.’ आम्ही तो फक्त फिरवून घेतला, पॅकिंग नवं टाकलं आणि त्याच संध्याकाळी पाचगणी गाठली.