सेलेरियाकचा गड्डा : दलदलीतून परसबागेपर्यंत

सेलेरियाक हा सेलरीचाच प्रकार. फरक एवढाच की तो लांब देठांऐवजी बुडाशी गड्डा धरतो. दिसायला ओबडधोबड, मातकट, खाली मुळ्यांचा गुंता. सोलला की आत पांढरा गर निघतो आणि त्याच्या वासाने ओवा आणि कोथिंबिरीचे देठ एकदम आठवतात. धुळे-जळगावकडचे हौशी लोक हल्ली परसबागेत ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी लावतात. त्यांतले काही सेलेरियाकचे बीही मागवतात आणि पहिला हंगाम बहुतेक वाया जातो. माझे दोन गेले. पहिल्या वर्षी बी उगवलेच नाही. दुसऱ्या वर्षी उगवले, रोपे लावली, बटाट्याला लावतो तशी मायेने भर लावली, आणि मार्चमध्ये उपटून पाहिले तर गड्ड्याच्या जागी मुळ्यांचा नुसता झुपका. पाकिटावरच्या सूचना पाळूनही हे झाले, कारण त्या थंड देशासाठी लिहिलेल्या होत्या. माझी चूक कुठे होती ते या झाडाचा इतिहास वाचताना उलगडत गेले. म्हणून लागवडीच्या आधी ही पार्श्वभूमी.

हे झाड मुळात दलदलीतले. युरोपचा किनारा, भूमध्य समुद्राचा परिसर आणि पश्चिम आशिया इथल्या ओल्या, मचूळ पाण्याच्या जमिनीत रानटी सेलरी आजही उगवते. ग्रीक भाषेत तिला सेलिनॉन म्हणत. होमरच्या इलियडमध्ये अकिलीजच्या सैन्याचे घोडे ती चरत उभे असल्याचे वर्णन आहे आणि तिला लावलेले विशेषणच ‘दलदलीत पोसलेली’ असे आहे. सिसिलीतल्या सेलिनस या ग्रीक नगराचे नाव हिच्यावरून पडले आणि तिथल्या नाण्यांवर हिचे पान कोरलेले असे. प्राचीन ग्रीसमधल्या नेमियाच्या खेळांत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर हिच्याच पानांचा मुकुट चढायचा. इजिप्तमध्ये १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यातल्या पानाफुलांच्या माळांतही रानटी सेलरीची पाने मिळाली. मान, औषध, अंत्यविधी यांत तिला जागा होती, पण ताटात फारशी नव्हती, कारण रानटी झाड कडू असते. लिनियसने १७५३ साली तिला जे शास्त्रीय नाव दिले त्यातल्या ‘ग्रॅव्हिओलेन्स’चा अर्थच उग्र वासाची. ओवा, धने, जिरे, बडीशेप, शेपू, गाजर ही सगळी तिची भावकी.

दलदलीतला हा जन्म बागेत पावलोपावली आडवा येतो. चिखलात वाढणाऱ्या झाडाला पाण्यासाठी खोल जावे लागत नाही, त्यामुळे याच्या अन्नपाणी शोषणाऱ्या मुळ्या वरच्या थरातच पसरतात. कपाशीसारखे हे झाड ओल शोधत खाली उतरणार नाही. वरची वीतभर माती दोन दिवस सुकली की वाढ थांबते, आणि एकदा थांबलेला गड्डा पुढे कितीही पाणी दिले तरी नीट पोसत नाही. तो तंतुमय होतो. बियांचेही तसेच. एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या वर बिया बसतात, इतके ते बारीक. ओल्या चिखलावर पडायचे आणि उजेडात उगवायचे ही त्याची रीत. मी पहिल्या वर्षी मेथीसारखे मातीआड केले आणि घालवले. शिवाय भूमध्य समुद्राकडचा उन्हाळा कोरडा, भाजून काढणारा. अशा उन्हात उगवणे म्हणजे मरणे, म्हणून माती तापलेली असली की हे बी झोपून राहते. साधारण १५ ते २० अंशांत ते दोन-तीन आठवड्यांत उगवते आणि तिशीच्या पुढे बहुतेक ढिम्म बसते.

गड्ड्याचा इतिहास मात्र पुष्कळ अलीकडचा. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातल्या बागवानांनी कडू सेलरीतून गोडसर झाडे निवडायला सुरुवात केली. काहींनी जाड, रसाळ देठांची झाडे बियाण्याला राखली, त्यातून आजची देठांची सेलरी आली. काहींनी फुगीर बुडाची राखली, त्यांतून सेलेरियाक. इंग्लंडमध्ये स्टीफन स्वित्झर या बागवानाने १७२०च्या दशकात त्याची ओळख करून दिली, तीही अलेक्झांड्रियाहून आलेल्या बियाण्यावरून. पण ही भाजी खरी रुजली ती जर्मनी, पोलंड, नेदरलँड्स, फ्रान्स या भागांत. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, हिरवे काही मिळत नाही, आणि तळघरातल्या ओल्या वाळूत हा गड्डा महिनोन्‌महिने टिकतो. आपल्याकडे भाजीवाली मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता एकत्र बांधून देते, तशी जर्मनीत सूपासाठी गाजर, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी), पार्सली आणि सेलेरियाकचा तुकडा यांची जुडी मिळते. पोलंडमध्ये अशाच जुडीला ‘इटलीचे सामान’ या अर्थाचा शब्द आहे. १५१८ साली इटलीची बोना स्फोर्झा पोलंडची राणी झाली, तिच्याबरोबर या भाज्या आल्या असे तिथे मानले जाते. आज मात्र त्या जुडीशिवाय पोलिश घरात रविवारचे सूप होत नाही.

आता ती भर लावण्याची चूक. ज्याला आपण कंद म्हणतो तो मुळात खोडाचा तळ, मुळाचा वरचा भाग आणि त्यांच्यामधला सांधा फुगून तयार होतो. बागवानांनी निवड केली ती मातीच्या वर दिसणाऱ्या फुगवट्याची. म्हणून तो बटाट्यासारखा गाडायचा नाही, नवलकोलासारखा उघडा ठेवायचा. रोप लावताना त्याचा कोंब मातीच्या पातळीवरच हवा. गड्डा लिंबाएवढा झाला की खालची पिवळट, आडवी पडलेली पाने काढायची आणि वरच्या अंगाला फुटलेल्या बाजूच्या मुळ्या चाकूने छाटायच्या. माती चढवली की झाड तिथे मुळ्याच फोडत बसते. माझ्या त्या झुपक्याचे कारण हे होते.

इतक्या विलायती भाज्या इथे मुरल्या, मग सेलेरियाक का नाही? खानदेशी भरितातली हिरवी मिरची आणि शेंगदाणे दोन्ही अमेरिका खंडातून आलेले, पण त्यांना आज कोणी परके म्हणणार नाही. कोबी हा शब्दच पोर्तुगीज. फुलकोबीची गोष्ट तर अगदी जवळची. १८२२ साली सहारनपूरच्या सरकारी बागेत इंग्लंडहून तिचे बी आले, आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी उकाड्यात टिकलेल्या झाडांचे बी दरसाल राखून उष्ण हवेतही गड्डा धरणारे स्वतंत्र देशी वाण तयार केले. सेलेरियाकला ही संधी मिळाली नाही. तो दोन वर्षांचा गडी आहे : पहिल्या वर्षी गड्डा, मग थंडीची मोठी झोप, दुसऱ्या वर्षी फुले आणि बी. आपल्या पठारावर ती थंडी पुरेशी मिळत नाही, म्हणून बी धरत नाही, म्हणून वाणही घडत नाही. दरवर्षी परदेशातले बी आणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे एक सावधगिरी. भारतात सेलरीचे बी भरपूर पिकते, मुख्यतः पंजाबात अमृतसरकडे, आणि ते मसाल्यासाठी बाहेर जाते. आयुर्वेदातल्या अजमोद्याच्या नावानेही अनेक ठिकाणी हेच बी विकले जाते. पण ते पानाबियांच्या सेलरीचे असते. मसाल्याच्या दुकानातले बी वाफ्यात टाकून कितीही जपा, गड्डा येणार नाही. पाकिटावर सेलेरियाक हा शब्द आणि वाणाचे नाव पाहूनच घ्यावे.

खानदेशात मग बसवायचे कसे? युरोपात हे पीक वसंतात पेरून शरदात काढतात. आपल्याला त्यांचे कॅलेंडर उलटे करावे लागते, कारण मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या घरात जातो. माझा अनुभव असा की श्रावणात, ऑगस्टच्या मध्याला बी टाकावे. ढगाळ हवा आणि पावसाचा गारवा यांचा फायदा मिळतो. तरीही मी बी ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवतो, मग चाळलेल्या शेणखत-मातीच्या ट्रेवर नुसते भुरभुरून तळहाताने दाबतो. ट्रे ओसरीत पाण्याच्या रांजणाशेजारी. तिथली जमीन झिरपलेल्या पाण्याने दिवसभर गार असते आणि उजेडही येतो. अठराव्या दिवशी हिरवी लव दिसली, तेव्हा शेजारच्या आजी वाकून म्हणाल्या, “हाई काय शे भाऊ? ओवानी भाजी का?” पान चुरगळून हुंगायला दिले, तर म्हणाल्या, ओव्याचाच कोणी भाऊबंद दिसतो. वनस्पतिशास्त्रही तेच सांगते.

रोपे सावकाश वाढतात, आठ-दहा आठवडे घेतात. दसऱ्यानंतर, ऑक्टोबरची तलखी ओसरू लागली की फूट-फूट अंतरावर लावायची. पुढचे चार महिने आपली थंडी या पिकाला मानवते. धुळ्याला काही रात्री पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो आणि लहान रोपाला सलग गारठा लागला तर ते वर्ष संपले असे समजून तुऱ्यावर येते. दिवसा ऊन चढत असल्याने माझ्या वाफ्यात एखाददुसरेच झाड असे फसले. महाशिवरात्र ते होळी या दरम्यान काढणी उरकावी. त्यानंतरचे ऊन गड्ड्याला मानवत नाही.

सगळ्यात नाजूक बाब पाण्याची, आणि तिथे खानदेशाला शिकवायची गरज नाही. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत तीन-चारशे वर्षे गावांनी बंधाऱ्याचे पाणी ठरल्या पाळीने फिरवले, एका फडात एकच पीक ठेवून. पाणी थोडे, पण खाडा नाही, हे त्यामागचे शहाणपण. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीला जळगावात ठिबकचे साहित्य बनू लागले आणि केळीच्या बागांनी ते उचलले. सेलेरियाकच्या वाफ्याला ठिबकची एक नळी आणि वर उसाच्या पाचटाचे आच्छादन एवढे केले की निम्मी काळजी मिटते. आळे तुडुंब भरून आठवडाभर विसरणे मात्र याला चालत नाही. आपली काळी जमीन कसदार, ओल धरणारी, पण चुनखडीची. अशा जमिनीत झाडाला बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी मिळते आणि गड्डा कापल्यावर आत तपकिरी, पोकळ निघतो. शेणखत सढळ घालावे आणि लक्षण दिसल्यास बोरॉनची हलकी फवारणी करावी. पाने हाताळून भर उन्हात काम केले तर काहींच्या कातडीवर चट्टे उठतात, आणि सेलरीची अॅलर्जी असलेल्यांनी ही भाजी खाऊच नये.

आकाराची अपेक्षा बेताची ठेवावी. युरोपात किलोचा गड्डा सहज निघतो. माझा सगळ्यात मोठा बेलफळाएवढा होता. साल जाड काढून फोडी लिंबाच्या पाण्यात टाकाव्या लागतात, नाहीतर वांग्यासारख्या काळ्या पडतात. घरी आम्ही तो अख्खा निखाऱ्यात भाजला, ठेचला, त्यात मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घातली आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ला. बामणोदच्या वांग्याच्या भरिताची सर त्याला नाही, पण ओव्याच्या अंगाचा तो वास जिभेवर बराच वेळ राहतो.

यंदाच्या काढणीतले दोन चांगले गड्डे खाल्ले नाहीत. पाने वीतभर ठेवून छाटली, मुळ्या तशाच राखल्या आणि ओल्या वाळूच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहेत. आपल्या जमिनीला देता न येणारी थंडीची झोप त्यांना तिथे मिळेल. दिवाळीनंतर ते पुन्हा वाफ्यात बसतील. ओव्यासारख्या पांढऱ्या छत्र्या आल्या आणि बी भरले, तर पुढच्या श्रावणात रांजणाशेजारच्या ट्रेवर पडणारे बी धुळ्यातले असेल.