सिझेरियनमधील स्पायनल भूल आणि रक्तदाबाची घसरण

सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यातून बधिरतेचे इंजेक्शन, म्हणजे स्पायनल भूल, दिल्यावर पहिल्या काही मिनिटांतच आईचा रक्तदाब खाली येतो. आधीपासून काहीच उपाय केले नाहीत, तर दहापैकी सात-आठ जणींमध्ये हे घडू शकते. वरचा आकडा मूळ मोजणीच्या ८० टक्क्यांखाली गेला की सर्वसाधारणपणे त्याला घसरण म्हणतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब इतरही अनेक कारणांनी उतरतो. पण इथे रुग्ण जागी असते आणि त्या दाबावर दोन जीव अवलंबून असतात, म्हणून भूलशास्त्रात या घसरणीचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे.

स्पायनल भूल पहिल्यांदा दिली ती जर्मनीतील कील येथे ऑगुस्ट बीर यांनी, १८९८ मध्ये, कोकेन वापरून. आज ०.५ टक्के ‘हेवी’ (मणक्यातल्या द्रवाहून जड) बुपिव्हाकेन हे बधिरतेचे औषध वापरतात, साधारण २ मिली. सिझेरियनला बधिरता स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढावी लागते. वेदनेच्या नसांबरोबर रक्तवाहिन्यांना ताण देणाऱ्या नसाही झोपतात आणि पायांतल्या व पोटातल्या वाहिन्या सैल पडतात. रक्त तेवढेच राहते, ते मावणारी जागा वाढते. त्यातच उताणे झोपल्यावर भरलेले गर्भाशय पोटातल्या मोठ्या नीलेवर दाब देते, आणि हृदयाकडे परतणारे रक्त आणखी आटते. बधिरता आणखी वर चढली तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसाही त्यात सापडतात आणि नाडीही मंदावते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांना स्वतःचा प्रवाह सांभाळता येत नाही. आईचा दाब उतरला की वारेतला प्रवाहही त्याच मापाने उतरतो.

घसरणीची पहिली खबर पुष्कळदा मॉनिटरच्या आधी रुग्णच देते. ती जांभई देते, चेहरा फिकट पडतो, ‘कसंतरीच होतंय’ किंवा ‘मळमळतंय’ म्हणते. दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा (कफ) दर मिनिटाला फुगायला लावलेला असला तरी तो नेहमी थोडा मागे असतो, आणि स्पायनलनंतरची थरथर सुरू झाली की आकडा न देताच पुन्हा पुन्हा फुगत राहतो. अशा वेळी ‘ताई, बरं वाटतंय ना?’ या प्रश्नाचे उत्तर यंत्रापेक्षा लवकर मिळते. ओकारीचे इंजेक्शन देऊन ही मळमळ दाबण्यापेक्षा आधी दाब वर आणणे शहाणपणाचे.

उपचारांचा इतिहास म्हणजे एकेक समजूत मोडत जाण्याचा इतिहास आहे. स्पायनलच्या आधी लिटरभर सलाईन चढवून घ्यायचे, असे कित्येक वर्षे शिकवले गेले. पण ते पाणी वाहिन्यांत टिकत नाही, थोड्याच वेळात बाहेर झिरपते. म्हणून आता भूल देतानाच सलाईन वेगाने सोडतात. त्याचा उपयोग होतो, पण एकट्याने भागत नाही. उजव्या कुशीखाली उशी घालून टेबल १५ अंश डावीकडे कलवणे ही दुसरी जुनी सवय. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी एमआरआयने पाहिले, तर १५ अंशांत नीलेवरचा दाब फारसा सुटत नव्हता, ३० अंशांत सुटत होता. इतक्या कलत्या टेबलावर शस्त्रक्रिया करणे अवघड. उशी तरीही ठेवली जाते, आणि तिने नुकसान काही नाही.

दाब वाढवणाऱ्या औषधांमध्ये दीर्घकाळ इफेड्रिनचे राज्य होते. १९७० च्या दशकात गाभण मेंढ्यांवरील प्रयोगांत त्याने गर्भाशयाचा प्रवाह राखला, आणि दुसरी औषधे मागे पडली. पुढे नाळेतले रक्त तपासल्यावर दिसले, की इफेड्रिन वार ओलांडून बाळाकडे जाते आणि बाळाच्या रक्तातील आम्लता वाढवते. हाँगकाँगमधील भूलतज्ज्ञ वॉरविक एनगन-की यांच्या अभ्यासांनी फेनिलेफ्रिन या वाहिन्या आवळणाऱ्या औषधाचे पारडे जड केले. २०१८ च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मतैक्यात स्पायनल देताच ते मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅमने सुरू करावे आणि दाब मूळच्या ९० टक्क्यांवर राखावा, असे म्हटले आहे. त्याची खोड एकच: दाब वाढतो तशी नाडी मंदावते. नाडी फारच उतरली आणि दाबही खाली असेल तर इफेड्रिन किंवा नाडी वाढवणारे अ‍ॅट्रोपिन हाताशी लागते. २०१५ नंतर याच कामासाठी नॉरअ‍ॅड्रेनलिनचाही विचार सुरू झाला आहे.

आपल्याकडे दाब वाढवायला मेफेन्टरमिन अजून सर्रास वापरतात. ते स्वस्त आहे, हाताशी असते. १ मिलीत ३० मिलिग्रॅम असलेले औषध १० मिलीपर्यंत पातळ करून ३ ते ६ मिलिग्रॅमचे डोस देतात. फेनिलेफ्रिनचे अँपूल १० मिलिग्रॅमचे असते, आणि एका वेळी द्यायचे असतात ५० ते १०० मायक्रोग्रॅम. ते १०० मिली सलाईनच्या बाटलीत मिसळले, की १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम येतात. दशांश चिन्हाची एक चूक इथे दहापट डोस देऊ शकते, त्यामुळे सिरिंजवर औषधाचे नाव आणि तीव्रता लिहिलेली चिकटपट्टी लावल्याशिवाय ती ट्रेमध्ये ठेवू नये.

गरोदरपणातील उच्च रक्तदाबाने, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सियाने, आजारी स्त्रियांमध्ये ही घसरण तुलनेने कमी असते. त्यांना दाब वाढवणाऱ्या औषधांचे डोस जपून द्यावे लागतात, नाहीतर दाब उलट उसळी घेतो.

बाळ बाहेर आल्यावर दुसरा उतार येऊ शकतो. गर्भाशय आवळण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन शिरेतून एकदम दिले तर तेही वाहिन्या सैल करते. ब्रिटनमधील मातामृत्यूंच्या १९९७–९९ च्या चौकशीत १० युनिटच्या एकदम दिलेल्या डोसानंतरच्या मृत्यूची नोंद झाली, आणि त्यानंतर तिथे मात्रा ५ युनिटवर, तीही सावकाश, आणली गेली. त्याहून उशिरा दाब उतरू लागला, तर बोट स्पायनलकडे दाखवण्याआधी सक्शनची बाटली, मॉप (रक्त टिपायची कापडे) आणि चादरीखालचे रक्त पाहावे.