लांबून जा, लवकर पोचा

ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची दिशाच फिरवली. आधी ते पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे 13,900 किमी. मग ते पूर्वेला, पॅसिफिकवरून जाऊ लागलं. अंतर 15,300 किमी. रस्ता 1,400 किमीने वाढला आणि प्रवास जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला!

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे शाळेतलं गणित इथेही खरंच आहे. प्रश्न एवढाच, की वेग कशाच्या तुलनेत मोजायचा? विमान हवेच्या तुलनेत ताशी साधारण 900 किमी जातं. ती हवाच पूर्वेकडे 150च्या वेगाने वाहत असेल, तर पूर्वेला जाताना जमिनीच्या तुलनेत वेग 1,050 होतो, पश्चिमेला जाताना 750. पुढच्या प्रवासात सीटसमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’चा आकडा जरूर बघा.

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेचं गाव आपणहून जवळ यायला हवं ना?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तसं होत नाही. धावत्या एसटीत जागच्या जागी उडी मारली तर आपण मागच्या सीटवर जाऊन पडत नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

तरीही यामागे पृथ्वीचं फिरणं आहेच, आणि मला या विषयात सर्वांत आवडतं ते हेच. विषुववृत्तावरची जमीन आणि तिच्यावरची हवा ताशी सुमारे 1,670 किमीने पूर्वेकडे जाते. तिथली हवा तापून वर चढते आणि ध्रुवाकडे सरकते. सरकता सरकता ती पृथ्वीच्या आसाच्या जवळ येते. फुगडी रंगात असताना हात आखडून जवळ आलं की गिरकी कशी वाढते? तसाच या हवेचा वेग वाढतो. कोनीय संवेग, म्हणजे वेग आणि आसापासूनचं अंतर यांचा गुणाकार, कायम ठेवायचा तर 30 अंश अक्षांशावर हा वेग 1,930च्या आसपास हवा, आणि तिथली जमीन तर जेमतेम 1,450ने फिरते. म्हणजे 480चा वारा! प्रत्यक्षात वातावरणातली घुसळण त्यातला बराच वेग खाऊन टाकते, पण उरतो तोही थोडका नसतो. हाच जेट प्रवाह, साधारण 9 ते 12 किमी उंचीवरचा. विमानंही त्याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात उत्तर-दक्षिण तापमानातला फरक वाढतो आणि त्याला आणखी जोर चढतो. तेव्हा तो हिमालयाच्या दक्षिणेने, उत्तर भारतावरून वाहतो आणि जपानवर फार प्रबळ होतो. तिथेच 1920च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल त्यांनी एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, त्यामुळे जगाने तो फारसा वाचलाच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

फेब्रुवारी 2020 मध्ये एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग 1,327 किमीपर्यंत गेला होता. असे आकडे बघून ‘ध्वनीचा वेग ओलांडला’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते विमान ध्वनीपेक्षा हळूच उडत होतं.

मार्च 2017च्या महिला दिनाच्या सुमारास एअर इंडियाच्या फक्त महिला असलेल्या चमूने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को पॅसिफिकवरून गाठलं आणि परतताना अटलांटिकचा मार्ग धरला. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेलाच, अशी पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालून त्या घरी आल्या.