बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासू नका

‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर ठीक.’ हा सल्ला अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) आधीच्या, डायनमोच्या काळातला. तेव्हा गाडीत नाजूक असं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं, म्हणून तो खपून गेला. (डायनमोलाही तो मानवतो असं नाही.)

बॅटरी सर्किटमधला व्होल्टेजचा धक्का झेलते. ती अचानक सुटली की क्षणभर व्होल्टेज ४० च्या वर, कधी शंभरापर्यंत उसळतं. त्यात अल्टरनेटरमधले डायोड (एसीचं डीसी करणारे), व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा जुन्या गाडीत नव्याने बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन जातं. शिवाय यातून कळत काहीच नाही. इंजिन चालू राहायला इग्निशनपुरते चार-पाच अँपिअर पुरतात. एक डायोड गेलेला अल्टरनेटरही तेवढे देतो.

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ हवेत. मग १५०० ते २००० आरपीएमवर १३.८ ते १४.४. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा.

कमी आलं तरी लगेच अल्टरनेटर उतरवू नका. हेडलाइट लावून, त्याच आरपीएमवर, मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगचा, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीचा. नवा रंग दिलेल्या गाडीत हे बऱ्याचदा होतं: अर्थ पट्टीचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो. तेवढी जागा धातू दिसेपर्यंत खरवडा, पट्टी आवळा, वरून ग्रीस लावा.