परळची लस, माटुंग्याचं मिक्सिंग आणि स्टेम सेल

स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, ढवळत्या टाकीत वाढवायच्या तर मुंबईकडे दोन वारसे आहेत. सजीव पेशी वाढवून औषध करणं इथे नवं नाही. जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये इथेच प्लेगची लस केली. फ्लास्कमधल्या मांसरसावर तुपाचे थेंब सोडत. त्यांच्याखाली जंतू लोंबकळत वाढत, फ्लास्क हलवला की तळाशी पडत आणि नवं पीक धरे. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला आली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतल्या लसीने १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडल्याचं चौकशीत निघालं, तरी हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला काही वर्षं गेली. बॅच रेकॉर्डला, म्हणजे प्रत्येक घाण्याची बारीकसारीक नोंद ठेवायला, कंटाळणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

दुसरा वारसा माटुंग्याचा. १९३३ च्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, ढवळण्याचं शास्त्र मुरलेलं आहे. कण तळाशी बसू नयेत यासाठी लागणारा किमान वेग झ्विटेरिंग यांच्या १९५८ च्या सूत्राने काढतात. १९६७ मध्ये व्हान वेझेल यांनी पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या पेशींना द्रवात तरंगते सूक्ष्म मणी दिले आणि ते सूत्र इथेही लागू पडलं. सायटोडेक्स-१ या मण्यांच्या एका ग्रॅमवर सुमारे ४,४०० चौरस सेंटिमीटर जागा मिळते; म्हणजे ७५ चौरस सेंटिमीटरचे टी-७५ फ्लास्क ५८ हून जास्त.

मानवी भ्रूण स्टेम सेल १९९८ मध्ये आल्या, साध्या पेशी मागे फिरवून केलेल्या आयपीएस २००७ मध्ये. परळच्याच एनआयआरआरएच या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने पुढे किंड-१ आणि किंड-२ या भ्रूण स्टेम सेलच्या लाइन, म्हणजे सतत वाढवता येणारे पेशींचे वाण, तयार केल्या. या पेशी सुट्या केल्या की मरतात, म्हणून पहिल्या दिवशी १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ हे त्यांना जगवणारं रसायन घालायचं, दुसऱ्या दिवशी मीडिया बदलताना काढायचं. मण्यांशिवाय, पेशींच्याच गोळ्यांत वाढवताना ढवळणं मंद पडलं तर गोळे एकमेकांना चिकटतात. व्यास ४०० मायक्रॉनच्या आसपास गेला की आत ऑक्सिजन पोचत नाही, गाभा मरतो. जोरात ढवळलं तर पेशी फाटतात, किंवा जगूनही भलत्याच दिशेने डिफरन्शिएट होतात, म्हणजे स्टेम सेल न राहता दुसऱ्याच पेशी बनतात. हे दुसरं जास्त घातक: मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगात सगळं आलबेल दिसतं, स्टेम सेलची खूण असलेल्या ऑक्ट-४ प्रथिनासाठी फ्लो सायटोमेट्री लावल्यावरच बिंग फुटतं. १०० मिलीच्या स्पिनरचा (ढवळणी असलेल्या छोट्या फ्लास्कचा) आरपीएम ३ लिटरच्या टाकीला तसाच लावू नये. टिप स्पीड (पात्याच्या टोकाचा वेग) धरावा की प्रति लिटर पॉवर, हे ठरवावं लागतं. दोन्ही एकदम जुळत नाहीत.

नवा जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, बहुधा यातली एकच बाजू शिकून येतो. बायोलॉजीवाल्याला ढवळणीच्या पॉवरचा हिशेब देणारा पॉवर नंबर काढता येत नाही, केमिकल इंजिनिअरिंगवाल्याचा हात निर्जंतुक हूडमध्ये थरथरतो. मानवी लाइनचं काम आधी संस्थेच्या आयसी-एससीआर या स्टेम सेल संशोधन समितीपुढे मांडावं लागतं. तोवर सीएचओ, म्हणजे हॅमस्टरच्या, पेशींवर स्पिनर चालवून राहिलेली बाजू उरकून घेता येते.